विश्लेषण : ‘बोट लागली’ म्हणजे नेमके काय झाले? एका ‘लागणे’त इतके अर्थ कसे मावतात?

मांडव्याच्या जेट्टीवर कोणी ‘बोट लागली’ म्हणाले, की रांगेतली माणसे पिशव्या उचलतात. हेच दोन शब्द थोड्या वेळाने बोटीतून उतरणारा, चेहरा पांढरा पडलेला प्रवासी उच्चारतो, तेव्हा कोणीतरी त्याच्यापुढे लिंबू किंवा आल्याची वडी धरते. शब्द तेच, क्रियापद तेच, काळही तोच. पण पहिल्या वेळी बोट धक्क्याला टेकली आणि दुसऱ्या वेळी माणसाच्या पोटात ढवळले. इंग्रजीतल्या ‘गेट’, ‘टेक’, ‘रन’ या क्रियापदांचे अर्थ शाळेत याद्या करून पाठ करावे लागतात. रायगडच्या किनाऱ्यावर रोज तोंडी असणारे ‘लागणे’ त्यांच्या तोडीस तोड आहे, फक्त त्याची यादी कोणी पाठ करत नाही. मात्र दवाखाना, हवामानाचा इशारा आणि सरकारी नोटीस या ठिकाणी हे क्रियापद नीट न कळण्याची किंमत मोजावी लागते.

‘बोट लागली’चे अर्थ किती?

निदान तीन. बोट धक्क्याला लागली, म्हणजे येऊन टेकली. मला बोट लागली, म्हणजे मळमळले, उलटी झाली. आणि ‘करंजाहून रेवसला जायला बोट लागते’ म्हणजे बोटीशिवाय जाता येत नाही. यात चौथा अर्थ डोकावतो तो हाताच्या बोटामुळे. ‘बोट लागले’ म्हटले तर बोटाचा स्पर्श झाला. नाव असलेली बोट स्त्रीलिंगी आणि हाताचे बोट नपुंसकलिंगी, म्हणून ‘लागली’ की ‘लागले’ एवढ्यावरून मराठी माणूस क्षणात ओळखतो. लिंगाचा हा धागा सुटला, की परक्या भाषेतून आलेला माणूस किंवा भाषांतर करणारे यंत्र बोटीच्या जागी बोट ठेवण्याची शक्यता असते.

यातला पहिला अर्थ या किनाऱ्याने सर्वाधिक काळजीने वापरला आहे. मुंबईची आगबोट हाच अलिबाग-रेवसकरांचा मुख्य आधार होता, तेव्हा ‘बोट लागली’ ही धक्क्यावरून घरापर्यंत जाणारी खबर असे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. ती बोट रेवसला लागलीच नाही. त्या पिढीसाठी ‘लागली का?’ या दोन शब्दांच्या प्रश्नात माणूस सुखरूप आहे का, ही सगळी विचारणा होती. आजही गणपतीला गावी निघालेल्या मुलाला फोनवर ‘बोट लागली की कळव’ असे सांगितले जाते, त्यात हेच असते.

या सगळ्या अर्थांचे मूळ एकच आहे का?

आहे. संस्कृत ‘लग्’ या धातूचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे, स्पर्श होणे. त्यावरून ‘लग्न’ म्हणजे जोडलेले, प्राकृतात ‘लग्ग’ आणि मराठीत ‘लाग’. विवाहाला ‘लग्न’ म्हणतात आणि ते ‘लागते’ही. म्हणजे ‘लग्न लागले’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो. ‘लगत’, ‘लगेच’, ‘लागोपाठ’, ‘लागण’, ‘लागवड’, ‘लागू’, ‘संलग्न’, ‘सलगी’ ही सगळी त्याच गोतावळ्यातली माणसे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या काळात, ‘साठी’ या अर्थाने ‘लागीं’ वापरले जाई. आज ‘मला’, ‘तुला’, ‘घराला’ यांत दिसणारा ‘ला’ प्रत्ययही याच कुळातला असावा, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे.

स्पर्श हा गाभा धरला, की बाकीचे अर्थ फांद्यांसारखे फुटताना दिसतात. एक वस्तू दुसऱ्या वस्तूला टेकते : बोट धक्क्याला लागते, पुराचे पाणी उंबऱ्याला लागते. टेकणे जोरात झाले तर इजा होते : ठेच लागते, ‘मला लागले’. बाहेरचे काही शरीराला येऊन भिडते : ऊन लागते, बोट लागते, रोगाची लागण होते. शरीराच्या आतले काही माणसाला भिडते : भूक लागते, तहान लागते, झोप लागते, धाप लागते. नाते जोडलेले असते : ‘तो माझा मावसभाऊ लागतो’. कामाशी गरज जोडलेली असते : भाकरीला पीठ लागते, प्रवासाला पैसे आणि वेळ लागतो. झाडाशी फळ जोडले जाते : माडाला नारळ लागतात. शोधणाऱ्याच्या हाताला काहीतरी स्पर्श करते : विहिरीला पाणी लागते, गळाला मासा लागतो, चोराचा तपास लागतो.

मग ऐकणाऱ्याला नेमका अर्थ कळतो कसा?

नुसत्या ‘लागणे’वरून तो कळत नाही. तो कळतो आजूबाजूच्या शब्दांवरून, आणि मुख्यतः ‘ला’ कोणाला जोडला आहे यावरून. ‘ला’ वस्तूला जोडला असेल, तर बहुतेक वेळा टेकणे किंवा जोडले जाणे असते : धक्क्याला, किनाऱ्याला, भिंतीला. ‘ला’ माणसाला जोडला असेल, तर माणसाला काहीतरी झालेले असते : मला भूक लागली, आईला ऊन लागले, मुलाला वेड लागले. ‘मला लागले’ असे एवढेच म्हटले आणि काय लागले ते सांगितले नाही, तर मराठीत त्याचा अर्थ ठरलेला आहे : जखम झाली. किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलीत ‘मला’चे ‘मना’ होते, तरी हा नियम बदलत नाही.

लागणेच्या आधी दुसरे क्रियापद आले, की आणखी दोन घरे उघडतात. ‘मी चालू लागलो’ किंवा ‘मी चालायला लागलो’ म्हणजे सुरुवात झाली. ‘मला चालावे लागले’ म्हणजे नाइलाज झाला. दोन्हीकडे चालणे आहे आणि लागणे आहे, फरक आहे तो ‘मी’ आणि ‘मला’ यांत. ‘मी’ असताना माणूस स्वतः काही करतो आहे. ‘मला’ झाले, की त्याच्यावर काहीतरी येऊन पडले आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि मांडव्याच्या लहान प्रवासी बोटी बंद झाल्या, की अलिबागचा माणूस ‘पेण-वडखळवरून जायला हवे’ असे म्हणत नाही, ‘जावे लागते’ असे म्हणतो. ‘हवे’ आणि ‘पाहिजे’मध्ये सल्ल्याला जागा आहे. ‘लागते’मध्ये दुसरी वाटच नाही.

ओहोटी ‘लागली’ म्हणजे संपली की सुरू झाली?

हा प्रश्न शब्दांचा वाटतो, पण किनाऱ्यावर तो जिवाचा आहे. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते आणि भरतीच्या वेळी तोच रस्ता पाण्याखाली जातो. ‘ओहोटी लागली’ हे ऐकून बाहेरगावचा पर्यटक पाणी ओसरले असे समजतो, कारण ‘लागली’ हे रूप भूतकाळाचे आहे. स्थानिक माणसाच्या लेखी त्याचा अर्थ पाणी आता उतरू लागले आहे, इतकाच. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. त्यामुळे ओहोटी नुकतीच लागली असेल, तर किल्ल्याच्या वाटेवर अजून बरेच पाणी असते.

याच्या उलट ‘भरती लागली’ हे ऐकून ‘अजून पाणी तर लांब आहे’ म्हणत किल्ल्यात रेंगाळणे महागात पडते. भरती लागली म्हणजे परतीच्या वाटेची वेळ मोजायला सुरुवात झाली. ‘शाळेला सुट्टी लागली’, ‘पाऊस लागला’, ‘ग्रहण लागले’ यांतही हेच आहे. गोष्ट घडून संपलेली नाही, ती सुरू झाली आहे आणि आता काही काळ चालणार आहे. ग्रहण लागते आणि नंतर सुटते. लागणे हे आरंभाचे टोक आहे.

बंदरावरच्या बावट्याचेही तसेच. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ याचा अर्थ वादळ येऊन गेले किंवा येऊन थडकले असा नाही. स्थानिक सावधगिरीच्या या तिसऱ्या क्रमांकाच्या इशाऱ्याचा अर्थ बंदर परिसरात सोसाट्याचे वारे आणि खराब हवामान अपेक्षित आहे, असा आहे. समुद्रात जाऊ नका आणि गेलेल्यांनी परत या, हे कोळीवाड्यात त्यापुढे वेगळे सांगावे लागत नाही.

हिंदीतले ‘लगना’ येत असेल तर मराठी ‘लागणे’ आपोआप कळते का?

बरेचसे कळते, आणि म्हणूनच फसगत होते. चोट लगना, भूख लगना, आग लगना, लू लगना हे मराठीशी जुळते. पण हिंदीत ‘मुझे लगता है’ म्हणजे ‘मला वाटते’. मराठीत मात्र ‘मला लागते’ म्हणजे गरज असते किंवा दुखते. हिंदीत नाइलाज सांगताना ‘जाना पड़ता है’ म्हणतात, मराठीत तेथे ‘जावे लागते’ येते. रायगडच्या किनारी पट्ट्यात कारखाने, बंदरे आणि बांधकामे यांमुळे हिंदीभाषक कामगार, अधिकारी आणि डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी ही सरमिसळ रोजची आहे.

दवाखान्यात तिचे महत्त्व वाढते. ‘दम लागतो’ म्हणजे चालताना किंवा चढताना श्वास अपुरा पडतो. ही तक्रार हृदयाची किंवा फुप्फुसाची असू शकते. ‘ऊन लागले’ म्हणजे नुसते उकडले असे नाही, उन्हाने शरीर आजारी पडले. ‘ठसका लागला’ आणि ‘उचकी लागली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पोटाला लागले’ म्हणजे मार बसला, आणि ‘पोटात कळ लागली’ म्हणजे आतून दुखते आहे. ‘अन्न अंगी लागत नाही’ ही तर खाऊनही वजन न वाढण्याची, म्हणजे नीट तपासून पाहावी अशी तक्रार. प्रत्येक वेळी क्रियापद एकच असते, आणि निदानाची दिशा आधीचा शब्द ठरवतो.

इंग्रजीत असे क्रियापद आहे का?

एक नव्हे, अनेक आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले गेले आणि ते सर्वाधिक अर्थांचे क्रियापद म्हणून गाजले. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकले. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून ‘रन’चे ६४५ अर्थ वेगळे केले. धावणाऱ्या माणसापासून चालणाऱ्या यंत्रापर्यंत आणि निवडणूक लढवण्यापासून नळातून वाहणाऱ्या पाण्यापर्यंत हे क्रियापद पसरले आहे.

असे का होते, याचे एक उत्तर अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज किंग्सली झिप्फ यांनी १९४५ मध्ये मांडले. जो शब्द जितका अधिक वापरला जातो, तितके त्याचे अर्थ अधिक असतात. दुर्मीळ शब्द एका अर्थाला चिकटून राहतो. रोजचा शब्द हाताशी असतो, म्हणून नवी गोष्ट आली की लोक त्यालाच पुढे करतात. मराठीत दूरध्वनी आला आणि ‘फोन लागला’ झाले, आगगाडी आली आणि ‘गाडी फलाटाला लागली’ झाले, भरती परीक्षा आल्या आणि ‘यादीत नंबर लागला’ झाले. नवे क्रियापद घडवण्याची गरजच पडली नाही.

इंग्रजी आणि मराठीत फरक आहे तो कर्त्याचा. ‘रन’, ‘टेक’, ‘सेट’ यांच्या आधी बहुतेक वेळा काही करणारा माणूस उभा असतो. ‘लागणे’मध्ये माणसाकडे ‘ला’ येतो आणि तो सोसणारा होतो. इंग्रजीत माणूस सर्दी ‘पकडतो’, मराठीत त्याला लागण होते.

यातून कोणाचे नुकसान होते?

‘लागणे’ वापरले, की ते कोणी केले हे सांगावे लागत नाही. ‘आग लागली’ या वाक्यात आग आहे, जळलेले घर आहे, पण लावणारा नाही. म्हणूनच मराठीने त्याच धातूतून ‘लावणे’ हे जोडीचे क्रियापद तयार ठेवले आहे. आग लागली की लावली, वाट लागली की लावली, वेळ लागला की लावला, हा प्रश्न विचारला, की जबाबदारीचा विषय सुरू होतो.

रायगडच्या किनाऱ्याने हे फार जवळून पाहिले आहे. ‘प्रकल्पाला जमीन लागते’ आणि ‘शेतकऱ्याला जमीन द्यावी लागते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात ‘लागते’ म्हणजे गरज, दुसऱ्यात ‘लागते’ म्हणजे सक्ती. गरज एकाची आणि सक्ती दुसऱ्यावर, पण क्रियापद एकच असल्यामुळे एकातून दुसरी आपोआप निघते असा भास होतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून उरण-पनवेल भागात भूसंपादन सुरू झाले, तेव्हा किती जमीन लागणार हे आधी ठरले. त्या बदल्यात काय मिळणार, हे ठरायला मात्र मोठी किंमत मोजावी लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले.

आजही कोणतीही नोटीस हाती आली, की तिच्यातले ‘लागेल’ तपासून पाहणे उपयोगाचे असते. ‘कागदपत्रे सादर करावी लागतील’, ‘शुल्क भरावे लागेल’, ‘जागा सोडावी लागेल’ ही वाक्ये व्याकरणाने पूर्ण आहेत, पण ते कोणत्या नियमाने आणि कोणाच्या आदेशाने, हे त्यांत नसते. ते वेगळे विचारावे लागते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी दरवर्षी ‘लागते’, तिच्यामागे मात्र शासनाचा आदेश, माशांच्या प्रजननाचा काळ आणि पावसाळी समुद्राचा धोका अशी कारणे दाखवता येतात. म्हणूनच तिथे नौका किनाऱ्याला लागतात तेव्हा का लागल्या, याचे उत्तर मिळते.

मग ‘लागणे’ हे पळवाटेचे क्रियापद आहे का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ गोष्टी खरोखरच कोणी करत नाही, त्या होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे बाग उभे करणाऱ्यांनी त्यानंतर पुन्हा रोपे लावली. पण सुपारी लागायला पाच-सात वर्षे लागतात. या एका वाक्यात ‘लागणे’ दोनदा येते, एकदा फळाचे आणि एकदा काळाचे. रोप लावणे बागायतदाराच्या हातात होते. ते मातीत लागणे, त्याला फळ लागणे आणि त्याला लागणारा वेळ, हे त्याच्या हातात नव्हते. ‘लावणे’ आणि ‘लागणे’ यांतली ही सीमा मराठीने नेमकी आखली आहे.

हे क्रियापद शिकायचे आणि शिकवायचे कसे?

‘लागणे’चे अर्थ एकाखाली एक लिहून पाठ करण्यात फारसा लाभ नाही, जसा तो ‘गेट’ किंवा ‘टेक’चे अर्थ पाठ करण्यातही होत नाही. त्यापेक्षा पूर्ण तुकडे शिकावेत : भूक लागणे, शोध लागणे, कामाला लागणे, मनाला लागणे, जावे लागणे, रडू लागणे. नवे वाक्य समोर आले, की तीन प्रश्न विचारावेत. काय लागले? कोणाला किंवा कशाला लागले? आणि आधी दुसरे क्रियापद असेल, तर सोबत ‘मी’ आहे की ‘मला’? पहिल्या दोन प्रश्नांतून अर्थ कळतो, तिसऱ्यातून आरंभ आणि सक्ती वेगळे होतात. नोटिशीपुरता चौथा प्रश्न जोडावा : हे लागले की कोणी लावले?

मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी क्रियापदांची भीती वाटते, तेव्हा शिक्षकांनी आधी त्याच्याकडून ‘लागणे’ची पन्नास वाक्ये काढून घ्यावीत. अलिबाग-मुरूडकडचे मूल ती सहज सांगेल. इतके अर्थ आपण न घाबरता रोज वापरतो हे त्याच्या लक्षात आले, की ‘टेक’चे दहा-पंधरा अर्थ त्याला डोईजड वाटणार नाहीत.

आणि मांडव्याला उतरलेल्या पाहुण्याला ‘बोट लागली का?’ असे विचारले गेले, तर उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याच्या हातात लिंबू आहे का, हे पाहावे.